बिनमुखड्याच्या खोक्यातली कढी

मला एवढंच कळवायचं होतं की कढी केली आहे. तेही एकट्या भास्करला. भास्कर आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो, मी तळमजल्यावर. मध्ये जिने आहेत, लिफ्ट नाही, आणि माझ्या गुडघ्यांचं माझ्याशी फारसं पटत नाही. म्हणून मी निरोप पाठवला. तो भास्कर सोडून सगळ्यांना पोचला. दाढदुखीने बेजार झालेल्या पेशंटांना पोचला, मंगल कार्यालयाच्या तारखा बघणाऱ्या एका वधूपित्याला पोचला, मोटार शिकायला निघालेल्या पोरींना पोचला, आणि औरंगपुऱ्यातल्या एका साडीवाल्या शेठला पोचला. शेठला तो पोचायला अजिबात नको होता. का, ते सांगते.

पण ते सांगायचं तर आधी भास्कर सांगायला हवा, आणि भास्कर सांगायचा तर आधी त्याचे धपाटे.

भास्कर शेजूळ हा चाळिशी उलटलेला, उंच, मानेत थोडा वाकलेला माणूस रविवारी सकाळी स्वयंपाकाला गॅस पेटवतो, तो थेट पुढच्या रविवारी. त्या एका बैठकीत तो आठवड्याभराचे धपाटे थापतो, शेंगदाण्याची चटणी कुटतो, डबे भरतो आणि हात झटकून मोकळा होतो. चहाचंही तेच. थर्मास तर त्याच्या टेबलावर देवासारखा बसवलेला. पहाटे एकदाच चहा करून त्यात ओतायचा, शेजारी दोन कप पालथे घालायचे. दिवसभरात कुणीही डोकावलं की झाकण फिरलंच. कुणी नाही आलं तर रात्री तो गार चहा स्वतः पितो आणि दोन्ही कप धुऊन पुन्हा पालथे घालतो. मी विचारलं, की बाबा, माणूस आल्यावर चहा टाकावा, अशी जगाची रीत आहे. तर म्हणाला, “कुणी मागायच्या आत तयार पाहिजे, काकू.”

हे त्याचं पहिलं ब्रह्मवाक्य. तो त्याच्यावर पोटही भरतो. भास्कर वेबसाइटी करतो, पण एका विशिष्ट जातीच्या. बाकीच्यांच्या वेबसाइटी म्हणे हॉटेलासारख्या असतात. तुम्ही पान उघडायला गेलात की मागे कुठंतरी एक यंत्र खडबडून उठतं, कपाटं धुंडाळतं, हे आण, ते आण करतं आणि तुमच्यासाठी ते पान जुळवून वाढतं. गर्दी झाली की यंत्र हाशहुश्श करतं, आचारी आजारी पडतो, मागच्या दाराने चोर शिरतो. भास्करच्या वेबसाइटींना मागे स्वयंपाकघरच नाही. सगळी पानं आधीच करून रचून ठेवलेली. आला की उचला, चालू लागा. यांना तो स्टॅटिक म्हणतो. मला समजावं म्हणून त्याने एकाच वाक्यात सांगितलं होतं, की त्याच्या वेबसाइटी म्हणजे धपाटे.

यावरून आमची जी जुंपते ती आजतागायत मिटलेली नाही. मी तव्यावरच्या भाकरीच्या बाजूची. फुगलेली, वाफ निघणारी, बोटं भाजणारी. तो म्हणतो, भाकरी घटकाभरात कडक होते, धपाटा लई टिकतो. मी म्हणते, टिकायचंच असेल तर लाकडी फळी खा. मग तो हसतो, मीही हसते, आणि तो आपल्या फळ्या खायला वर जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे भास्करला थोडंसं काही बदलता येत नाही. त्याच्या वेबसाइटीत एक स्वल्पविराम हलला तरी सगळी पानं मुळापासून नव्याने बनतात. त्याला तो बिल्ड म्हणतो. आता यंत्राने हे करावं, हरकत नाही. पण मागच्या दिवाळीत मी दारात मोठी रांगोळी घातली. एक ठिपका चुकला होता. खाली वाकवेना म्हणून मी म्हटलं, भास्कर, एवढा ठिपका नीट कर रे. आत जाऊन पाणी पिऊन येते तर याने सबंध रांगोळी केरसुणीने साफ केलेली आणि पाटावर बसून पहिल्यापासून ठिपके मोजतोय. म्हणे, एकच बदललं तर जोड दिसतो. त्या वर्षी आमच्याकडे लक्ष्मी आली तेव्हा दारात नुसते ठिपके होते.

आणि तिसरं वेड सगळ्यात मोठं. “मजकूर वेगळा, मुखडा वेगळा.” हे वाक्य तो दूधवाल्यालाही ऐकवतो. त्याचं म्हणणं असं, की काय लिहिलंय ते एका जागी नुसतं साठवावं, साधं, उघडंबोडकं. ते दिसणार कसं, लाल की निळं, फुलाफुलांचं की चौकटीतलं, ते दुसरीकडे ठरवावं. ज्या जागी मजकूर भरायचा तिला तो हेडलेस म्हणतो. मी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वेरूळ आठवलं. तिथंही मुंडकं नसलेल्या मूर्ती कमी नाहीत. मी तसं म्हणताच भास्कर इतका खूश झाला की त्याने मला दोन कप चहा दिला. म्हणाला, “बरोब्बर, काकू. धड एक. मुखडा पाहिजे तसा बसवा.”

हा नियम त्याच्या स्वयंपाकघरालाही लागू आहे. डबे सगळे सारखे, कोऱ्या पोटाचे. नावं वेगळी, लोहचुंबकाच्या चकत्यांवर. चकत्या फ्रिजवर चिकटवलेल्या, ज्या क्रमाने डबे मांडले त्या क्रमाने. एकदा फ्रिज पुसताना माझ्याच हातून चकत्या सांडल्या, मी त्या अंदाजाने लावल्या, आणि त्यानंतर आठवडाभर भास्करने मिठाचा चहा पाहुण्यांना पाजला. तक्रार कुणी केली नाही. पाहुणे म्हणजे एक मी आणि एक कुरिअरवाला.

हा मनुष्य पूर्वी पुण्याला मोठ्या कंपनीत होता. आईला लकवा झाला म्हणून सुटी घेऊन आला आणि राहिला. त्याच्या आईची आणि माझी चांगली गट्टी. ती खुलताबादकडची, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. ती गेल्यावर पुण्याचा मोठा भाऊ याच्या मागे लागला, की आता तिथं काय ठेवलंय, माझ्या ऑफिसात ये. भास्कर इकडं दाताच्या डॉक्टरांची, ड्रायव्हिंग स्कूलची, मंगल कार्यालयाची अशी लहानसहान कामं करत दिवस ढकलत होता. शेवटी त्याने भावाला कबूल केलं. औरंगपुऱ्यातल्या साडीवाल्या शेठचं काम हाती आलंय, ते टिकलं तर इथं राहीन. नाही टिकलं तर फ्लॅटला कुलूप घालून पुणं गाठीन.

हे त्याने मला थर्मासमधून चहा ओतता ओतता सांगितलं, उद्या नळाला पाणी येणार असल्यासारखं. मी म्हटलं, जा की, पुण्यात पाणी तरी रोज येतं. आणि खाली येऊन एकदा चाळलेलं पीठ पुन्हा चाळत बसले.

पाण्यावरून आठवलं. या सगळ्यात मी कशी शिरले ते राहिलंच. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हे देवाला ठाऊक असतं आणि त्यानंतर लाइनमनला. लाइनमन माझ्याकडे चहाला थांबतो. “अम्मा, कल सुबू छोडते पानी,” एवढं बोलून तो जातो, आणि मग सबंध बिल्डिंग दिवसभर माझी बेल वाजवते. भास्करने यावर उपाय काढला. बिल्डिंगची वेबसाइट केली. पान एकच, त्यावर ओळ एकच, पाणी कधी. ती ओळ लिहायचं काम माझ्याकडे. नातीने बंगळुरूहून पाठवलेला टॅब आजवर पापड वाळवताना वर दाबून ठेवायला वापरत होते, तो धुऊनपुसून मी संपादक झाले.

मी लगेच मागण्या मांडल्या. अक्षरं लाल हवीत, कडेला झेंडूची माळ हवी, वर गणपती हवा. भास्कर म्हणाला, तुम्ही फक्त मजकूर. मला दिसायची ती नुसती खोकी, पांढरी, बिनमुखड्याची. खोक्यात लिहायचं, खालचं हिरवं बटण दाबायचं, पापड भाजायला लागतो तेवढ्या वेळात सगळं बिल्ड होऊन ओळ लागायची. आणि त्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये टिंग वाजायचं.

ते टिंग माझ्या डोक्यात बसलं. कारण भास्करशी बोलायचा दुसरा मार्ग नव्हता. कानात कायम हेडफोन, बेल ऐकू येत नाही. फोन तो उचलत नाही, कारण फोनवर समोरचा काय विचारेल ते आधी माहीत नसतं आणि उत्तर तयार ठेवता येत नाही. म्हणून सगळ्या गिऱ्हाइकांना त्याने माझा नंबर दिलेला. मला मात्र उत्तर तयार करून दिलं होतं, “भास्कर कामात आहे, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.” ते मी इतकं चोख म्हणते की डॉक्टर मला त्याची सेक्रेटरी समजतात.

तर मी असा निष्कर्ष काढला, की खोक्यात लिहिलेलं थेट भास्करच्या कानात वाजतं.

यंत्रांच्या बाबतीत माझी अक्कल पहिल्यापासून अशीच पळते. लग्न होऊन गंगापुराहून शहरात आले तेव्हा मी मॅट्रिक होते आणि मॅट्रिकच्या पलीकडे काही ज्ञान असतं यावर माझा विश्वास नव्हता. घरात काळा, जड फोन आला. गंगापुराहून सासऱ्यांचा आवाज आला की मी आधी डोक्यावर पदर घ्यायचे, मग हॅलो म्हणायचे. तेवढं एक वेळ चालेल. पण मुलगा झाला तेव्हा सासूबाईंनी फोनवर विचारलं, कुणावर गेलाय गं? मी बाळाला उचललं आणि रिसीव्हरसमोर धरलं. म्हटलं, बघा की, नाक तुमचंच आहे. मग सासूबाई म्हणाल्या, “जरा उजेडाकडं धर.”

अशा घराण्यातली मी.

त्या दिवशी शेठची वेबसाइट सुरू झाली. दुकानात कॉम्प्युटरला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. भास्कर आधीच्या दोन रात्री झोपला नव्हता. सकाळी तिथून आला, मला पेढा दिला, डोळे तारवटलेले. आता वर बसून लक्ष ठेवतो म्हणाला आणि जिना चढला. मला वाटलं, याने आज तरी फळी खाऊ नये. ताक होतं घरात. कढी केली, आलं-लसूण ठेचून, वरून कढीपत्त्याची फोडणी. कढीचा एक दोष आहे, ती थांबत नाही. पुन्हा पुन्हा तापवली की फुटते. म्हणून मी टॅब घेतला.

पाण्याच्या खोक्यात कढी लिहिणं मला बरं वाटेना. पाण्याच्या भांड्यात आपण कढी ओतत नाही. त्याच्या वरच एक खोकं होतं, रिकामं, कुणी न वापरलेलं. त्यावर नाव काय होतं ते वाचायला चष्मा लागला असता आणि चष्मा देव्हाऱ्यात होता. मी लिहिलं,

“भास्कर, कढी केली आहे. फुटायच्या आत खाली ये. तुझे ते वाळके धपाटे आज राहू देत. आणि शेठचं एवढं टेन्शन घेऊ नकोस, साड्या विकणाऱ्याला त्यातलं काय कळतंय. काकू.”

हिरवं बटण दाबलं आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

आता त्या खोक्याचं नाव सांगते. ‘सगळीकडची पट्टी.’ दिवाळी-पाडव्याला भास्कर त्यात शुभेच्छांची एक ओळ लिहायचा आणि ती त्याच्या हातच्या एकूण एक वेबसाइटवर डोक्यावर पट्टीसारखी लागायची. प्रत्येक ठिकाणी जाऊन वेगळं लिहायला नको. त्याने मला फक्त पाण्याच्या खोक्यापुरती वेगळी चावी, म्हणजे पासवर्ड, करून द्यायला हवी होती. काकूंना कशाला, म्हणून स्वतःचीच दिली होती.

पहिला फोन दाताच्या दवाखान्यातून. तिथली मुलगी म्हणाली, काकू, दाढ काढल्यावर कढी चालते का, असं पेशंट विचारतायत. मी म्हटलं, कोमट असेल तर चालते, मिरची बेताची घाला. मग मंगल कार्यालयाचे मॅनेजर. एक वधूपिता विचारत होते की कढी ताटात धरली आहे की जादा. मी म्हटलं, मी तर ताटातच धरते. मग ड्रायव्हिंग स्कूलमधून एक पोरगी, तिला कृती हवी होती. मी सविस्तर सांगितली. मला एकदाही शंका आली नाही. मला वाटलं, भास्कर गावभर माझ्या कढीचं कौतुक करत असणार. मी त्या आनंदात दोन भाकरी जास्तीच्या थापल्या.

मग एक जाड आवाज आला. काकू म्हणजे तुम्हीच का, असं विचारलं. मी म्हटलं, हो, मीच ती. आवाजाने पत्ता विचारला. मी पत्ता दिला आणि जेवायलाच या म्हटलं. आवाज म्हणाला, येतो.

औरंगपुरा आमच्यापासून दोन गल्ल्या. शेठ स्कूटरवरून उतरले ते कपाळाला सकाळच्या पूजेचं कुंकू, मनगटाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या आणि चेहरा त्या कुंकवापेक्षा लाल. त्यांनी बोलण्याऐवजी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. मी देव्हाऱ्यातून चष्मा आणला. अहाहा, काय सुरेख पान होतं. मोरपंखी पैठणी, जरीचा पदर, बारीक सोनेरी अक्षरं. आणि सगळ्याच्या वर, पिवळ्या पट्टीवर, मी.

साड्या विकणाऱ्याला त्यातलं काय कळतंय.

पन्नास वर्षांपूर्वी बाळ रिसीव्हरसमोर धरून उभी होते, तसाच तो क्षण. फक्त उजेडाकडं धर म्हणायला सासूबाई नव्हत्या.

मला अशा वेळी एकच गोष्ट सुचते, ती मी केली. ताट वाढलं. शेठ म्हणत होते, मी जेवायला आलेलो नाही. पण कढीवर फोडणी तरंगत होती, भाकरीतून वाफ निघत होती, आणि आमच्याकडच्या माणसाला वाढलेल्या ताटावरून उठता येत नाही. ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि रागारागाने जेवू लागले. घासागणिक एक तक्रार. जालन्याच्या व्याह्यांचा फोन आला होता, की ही काकू कोण. दुकानातली पोरं तोंड फिरवून हसत होती. भाचा तर आधीपासून म्हणतच होता, की माझ्या मित्राकडून करून घेऊ, या भास्करच्या नादी लागू नका. संध्याकाळी भाच्याच्या मित्रालाच काम द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. मग त्यांनी कढी वाढायला वाटी पुढं केली.

माझ्या डोळ्यांसमोर तिसऱ्या मजल्यावरचं कुलूप आलं.

भास्करला हाक मारायला हवी होती. जिना चढेपर्यंत शेठ जेवून निघून गेले असते. मी घाबरले की मला विचार करता येत नाही, तरुणपणापासून येत नाही. मी टॅब उचलला आणि त्याच खोक्यात लिहिलं, “भास्कर, ताबडतोब खाली ये. शेठ माझ्याकडे जेवतायत आणि लई चिडलेत.” बटण दाबलं. मग भीती वाटली म्हणून आणखी दोनदा दाबलं.

शेठचा मोबाइल ताटाशेजारी उघडाच होता. त्यांच्या डोळ्यांदेखत पैठणीच्या डोक्यावरची पट्टी हलली. कढी गेली. शेठ जेवतायत आणि लई चिडलेत, ते आलं.

शेठचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, टॅबकडे बघितलं, पुन्हा मोबाइलकडे बघितलं. हे तुम्ही आत्ता केलंत का, इथून, असं त्यांनी हळू आवाजात विचारलं. मी कबूल करणार तोच फोन वाजला. दाताच्या दवाखान्यातली मुलगी होती. पेशंट विचारत होते, शेठ का चिडले.

तेवढ्यात जिन्यावर धावती पावलं वाजली. भास्कर टेबलावरच डोकं टेकून झोपला होता, पहिलं टिंग झोपेत गेलं होतं, नंतरच्या तिन्हींनी त्याला उठवलं. एका गालावर कीबोर्डचे चौकोन उमटलेले, काखेत लॅपटॉप. शेठना बघून त्याचा रंग उडाला. त्याने माझ्या ओट्यावर लॅपटॉप उघडला, पिठाच्या परातीला टेकवून. खोकं रिकामं केलं. पापड भाजायच्या वेळात शेठच्या मोबाइलवरून, डॉक्टरांकडून, सगळीकडून मी नाहीशी झाले.

मग तो मान खाली घालून उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं, त्याच्यापाशी तयार उत्तर नव्हतं. मी मधे पडून सांगितलं, की हा गाढवपणा माझा, त्याचा नाही. शेठनी हाताने मला थांबवलं. त्यांना दुसरंच काहीतरी विचारायचं होतं.

“माझी तीन दुकानं हायेत,” ते म्हणाले. “इथं, गंगापुरात, जालन्यात. भाव बदलला की तिघांना फोन. तिघं तीन भाव लावतात, गिऱ्हाईक माझ्याशी भांडतं. ते असं एका खोक्यातून व्हतं का?”

“व्हतं की,” भास्कर म्हणाला. “तेच तर मी लई दिवस सांगतोय.”

“तू मुखडा-बिखडा सांगत व्हता. ते कुणाला कळतंय?” शेठनी बोटं चाटली. “काकूंनी करून दाखवलं.”

गंगापूर आणि जालना दोन्ही दुकानांचं काम त्यांनी तिथंच, उष्ट्या हाताने ठरवलं. भाच्याला काय सांगायचं ते मी बघतो म्हणाले. हात धुऊन, पाय स्कूटरवर टाकताना त्यांनी एकच अट घातली, की चावी काकूंकडं ठेवायची नाय. साड्या विकणाऱ्याला बरंच कळतं, हे मी इथं लेखी कबूल करते.

शेठ गेल्यावर घर एकदम मोठं झालं. मी भास्करच्या बोलण्याची वाट बघत होते. बोलेल, चिडेल, चावी मागेल. त्याने खिशातून तो कधी न उचलायचा फोन काढला आणि स्वतःहून पुण्याचा नंबर लावला. भावाने उचलला. तो म्हणाला, “दादा, मी नाय येत.” पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकून घेतलं. “नाय, आधी काय ठरवलेलं नव्हतं. आत्ताच ठरलं.”

फोन ठेवून तो ओट्याशेजारच्या पाटावर बसला, त्याची आई माझ्याकडे यायची तेव्हा बसायची त्याच जागी. कढी आता फुटली होती. ताकाचे कण वेगळे, पाणी वेगळं. मी म्हटलं, बघ, मजकूर वेगळा, मुखडा वेगळा. तो हसला नाही. मी ताट घेतलं, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या भाकरींचा डबा पुढे ओढला आणि त्याला चिडवायचं म्हणून म्हटलं, घे बाबा, तुझ्या मनासारखं, मागायच्या आत तयार.

त्याने डब्यावर झाकण ठेवलं. तव्याखालचा गॅस अजून चालू होता, तिकडे बघत म्हणाला,

“डब्यातली नको, काकू. वर माझ्याकडं मागणारं कुणी नाय, म्हणून मी सगळं आधीच करून ठेवतो. इथं मी मागतो की. एक गरम टाका.”